रेषा दिसण्यापासून रेषा कळण्यापर्यंत

फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंत याने 1835 साली असे लिहून ठेवले की ताऱ्यांची अंतरे, आकार, गती हे सारे माणसाला मोजता येईल, पण तारे कोणत्या द्रव्यांचे बनले आहेत हे त्याला कधीही कळणार नाही. महाविद्यालयात खगोलशास्त्राची पहिली ओळख करून देणाऱ्या पुस्तकांत हे विधान हमखास भेटते, आणि त्याच्या पाठोपाठ त्याचे खंडनही येते. कोंतच्या मृत्यूला दोन वर्षे होतात तोच, 1859 मध्ये, हायडेलबर्गच्या किर्खोफ आणि बुन्सेन यांनी सूर्यप्रकाशातल्या काळ्या रेषांवरून सूर्यातली मूलद्रव्ये ओळखण्याची वाट दाखवली. एवढे सांगून प्रकरण संपते आणि पुढच्या पानावर ताऱ्यांचे वर्गीकरण सुरू होते. माझ्या मते इथे विद्यार्थ्याच्या हातून मोठी गोष्ट निसटते. हातात न आलेल्या वस्तूचे पृथक्करण करता येत नाही, ही कोंतची अट त्या काळच्या रसायनशास्त्राला धरूनच होती. शिवाय 1859 नंतरही तारे कशाचे आहेत हे खऱ्या अर्थाने कळायला आणखी सत्तर वर्षे गेली. त्या सत्तर वर्षांत रेषा डोळ्यांसमोर होत्या आणि त्यांचा अर्थ पुन्हा पुन्हा चुकत होता. तारे, दीर्घिका आणि विश्व यांवरचा पहिला अभ्यासक्रम याच चुकांच्या कण्यावर उभा राहावा, असे मला वाटते.

मुळात रेषा म्हणजे काय ते आधी पाहावे. जुनी सीडी तिरकी धरून तिच्यात ट्यूबलाईटचे प्रतिबिंब पाहिले तर इंद्रधनुष्याचा सलग पट्टा दिसत नाही. रंगांचे सुटे सुटे तुकडे दिसतात आणि त्यांत एक हिरवा ठसठशीत उठून येतो. तो ट्यूबमधल्या पाऱ्याच्या वाफेचा. गॅसच्या निळ्या ज्योतीवर मिठाची चिमूट टाकली की ज्योत पिवळी होते. तो पिवळा रंग सोडियमचा, आणि लोलकातून पाहिला तर 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर तरंगलांबीच्या दोन जुळ्या रेषा म्हणून तो वेगळा काढता येतो. म्युनिकजवळ काचेची भिंगे घडवणाऱ्या फ्राउनहोफरने 1814 मध्ये सूर्याच्या वर्णपटात पाचशेहून अधिक काळ्या रेषा नोंदवल्या. त्यांतल्या ‘डी’ या अक्षराने दाखवलेल्या रेषा बरोबर सोडियमच्या जागी होत्या. तप्त वायू ज्या रंगाचा प्रकाश सोडतो, तोच रंग तो मागून येणाऱ्या प्रकाशातून गाळून घेतो, हे किर्खोफने दाखवले. त्या पद्धतीची ताकद लगेच पृथ्वीवरच सिद्ध झाली. अनोळखी रेषांचा माग काढत 1860 मध्ये सीझियम आणि 1861 मध्ये रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये हाती लागली. नवी रेषा दिसली की नवे मूलद्रव्य असणार, हा तर्क त्यामुळे उतावळा नव्हता; त्याच्यामागे ताजा आणि भक्कम अनुभव होता.

हा तर्क आपल्या भूमीवरून गेला तो 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात. ते पाहणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांपैकी जान्सेन गुंटूरला होता, पॉगसन मच्छलीपट्टणला. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या प्रकाशात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या आणि त्यांतली पिवळी रेषा सोडियमच्या जागेपासून किंचित सरकलेली आहे, अशी शंका पॉगसनला आली. ग्रहण नसतानाही या ज्वाला वर्णपटमापकाने पाहता येतात हे जान्सेनने दुसऱ्याच दिवशी दाखवून दिले. नॉर्मन लॉकियरने तेच काम ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून स्वतंत्रपणे केले आणि ती पिवळी रेषा, 587.6 नॅनोमीटरची, कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याची नाही असे म्हटले. हेलियमची कथा ती हीच. हेलियमचा शोध विजयदुर्गाच्या किल्ल्यावर लागला अशी आठवण कोकणात जपली जाते आणि 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. त्या आस्थेबद्दल मला आदरच आहे, पण लॉकियर विजयदुर्गला आला तो जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी जेऊर इथून घेतले. मराठी मुलखातल्या प्रयोगशील खगोलशास्त्राचा तो अस्सल दाखला आहे आणि तो वर्गात सांगितला गेला पाहिजे. लॉकियरच्या दाव्याकडे बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांनी साशंकतेने पाहिले. वेगळ्या दाबात किंवा तापमानात हायड्रोजनच ही रेषा देत नसेल कशावरून, हा आक्षेप रास्त होता. 1895 मध्ये विल्यम रॅमसेला युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा सापडली, तेव्हा कुठे तो निकाली निघाला.

कथा इथेच थांबवली तर ती विजयाची वाटते, म्हणूनच ती इथे थांबवू नये. विल्यम हगिन्सने 1864 मध्ये कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. त्यात हिरव्या रंगाच्या अशा रेषा होत्या की ज्या प्रयोगशाळेत कुणी पाहिल्याच नव्हत्या. त्या ‘नेब्युलियम’ या मूलद्रव्याच्या नावावर मांडल्या गेल्या. 1869 च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात आणखी एक हिरवी रेषा दिसली आणि ‘कोरोनियम’ जन्माला आले. तर्क अक्षरशः तोच, हेलियमचा. पण ही दोन्ही मूलद्रव्ये अस्तित्वातच नव्हती. मोझलीच्या 1913 च्या कामानंतर प्रत्येक मूलद्रव्याला पूर्णांकी अणुक्रमांक मिळाला आणि आवर्तसारणीत त्यांना बसवायला जागाच उरली नाही. पुढे 1927 मध्ये आयरा बोवेनने दाखवले की नेब्युलियमच्या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या आहेत. पृथ्वीवरच्या उत्तमातल्या उत्तम निर्वात नळीहूनही विरळ अशा वायूत, अणूंची टक्कर होईपर्यंत इतका वेळ जातो की एरवी न उमटणारी रेषा उमटते. कोरोनियमचा उलगडा व्हायला 1940 च्या आसपासचा काळ उजाडला. ग्रोट्रियन आणि एडलेन यांच्या कामातून ती रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची ठरली. लोखंडाची अशी अवस्था व्हायची तर प्रभामंडलाचे तापमान दहा लाख अंशांच्या वर हवे. म्हणजे जे मूलद्रव्य शोधायला निघाले होते ते नव्हतेच. सापडली ती तिथली परिस्थिती. हेलियम खरे आणि कोरोनियम खोटे, हे रेषांकडे कितीही निरखून पाहिले असते तरी कळले नसते.

याहून मोठी चूक मात्र ओळखीच्या रेषांच्या बाबतीत झाली. सूर्याच्या वर्णपटात सर्वांत ठळक असतात कॅल्शियमच्या दोन जांभळ्या रेषा. लोखंडाच्या तर शेकडो आहेत. हायड्रोजनच्या त्या मानाने फिक्या. साहजिकच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे मानले जाई की सूर्याची घडण पृथ्वीसारखीच आहे, फक्त तो तापलेला आहे. पृथ्वी सूर्याइतकी तापवली तर तिचा वर्णपट सूर्यासारखाच दिसेल, असे हेन्री रोलंड म्हणत असे. या समजाला पहिला धक्का कलकत्त्याहून बसला. मेघनाद साहा यांनी 1920 मध्ये तापमान आणि दाब दिला असता वायूतले किती अणू इलेक्ट्रॉन गमावतील याचे समीकरण मांडले. त्याचा अर्थ एका उदाहरणात पाहण्यासारखा आहे. सूर्याच्या पृष्ठाचे तापमान सुमारे 5,800 केल्विन. तिथला जवळजवळ प्रत्येक कॅल्शियम अणू एक इलेक्ट्रॉन गमावून बसलेला असतो आणि आपल्या सर्वांत खालच्या ऊर्जापातळीतूनच जांभळा प्रकाश शोषतो. हायड्रोजनला दृश्य प्रकाश शोषायचा तर त्याचा इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या पातळीवर चढलेला हवा, आणि या तापमानाला असा अणू कोट्यवधींत एखादाच असतो. म्हणून हायड्रोजनच्या चार-पाच लाख अणूंमागे कॅल्शियमचा एक, असे प्रमाण असूनही रेषा कॅल्शियमचीच ठळक. सुमारे दहा हजार केल्विनच्या ताऱ्यांत हायड्रोजनच्या रेषा भरात येतात, त्या तिथे हायड्रोजन जास्त असतो म्हणून नव्हे. विद्यार्थी पाठ करतात ती ओ, बी, ए, एफ, जी, के, एम ही अक्षरे तापमानाची उतरंड आहेत, द्रव्यांची यादी नव्हे. साहांचे समीकरण हाती घेऊन सेसिलिया पेन हिने 1925 मध्ये हार्वर्ड वेधशाळेतल्या आपल्या प्रबंधात हिशेब मांडला, तेव्हा बहुतेक मूलद्रव्यांचे प्रमाण पृथ्वीसारखेच निघाले. हायड्रोजन आणि हेलियम मात्र प्रचंड प्रमाणात. हेन्री नॉरिस रसेलसारख्या अधिकारी माणसाला हे अशक्य वाटले, आणि पंचविशीतल्या पेनने प्रबंधात हे आकडे बहुधा खरे नसावेत असे लिहिले. चार वर्षांनी रसेल स्वतः दुसऱ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोचला. हा प्रसंग वगळून शिकवलेले तारकाशास्त्र मला अपुरे वाटते.

इथे कोणी म्हणेल की एकच पुरावा तीनदा तीन गोष्टी सांगतो, तर आजच्या सांगण्यावर तरी का विसंबावे? सिद्धांत बदलला की पुन्हा अर्थ बदलेल. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. त्याचे उत्तर एवढेच की आजचे वाचन केवळ रेषांवर उभे नाही. सूर्य हायड्रोजनचा आहे असे मानले की त्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होताना किती ऊर्जा निघेल याचा हिशेब लागतो, आणि त्यातून न्यूट्रिनो नावाचे किती कण पृथ्वीवर यावेत हेही सांगता येते. रेमंड डेव्हिसने अमेरिकेतल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दीड किलोमीटरवर, कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला वापरतात त्या द्रवाची टाकी भरून ते मोजायला घेतले. वर्षानुवर्षे अपेक्षेच्या एक तृतीयांशच न्यूट्रिनो भेटत राहिले. सूर्याविषयीचे आकलन चुकले की न्यूट्रिनोविषयीचे? कॅनडातल्या सडबरीच्या प्रयोगाने 2001 आणि 2002 मध्ये उत्तर दिले: न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात, सगळे प्रकार मोजले की एकूण संख्या बरोबर भरते. वर्णपटाशी काडीचा संबंध नसलेल्या साक्षीदाराने सूर्याच्या पोटातून येऊन तीच जबानी दिली. कोंतची अट शेवटी अशा रीतीने भागली की वस्तू हाती आली नाही, पण तिच्या गाभ्यातून निघालेले कण आले.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो वेळेचा आहे. एका सत्रात सूर्यमालेपासून विश्वाच्या आरंभापर्यंत जायचे. त्यात फसलेली मूलद्रव्ये कुठे बसवायची? मी म्हणेन, काही आकडे गाळा. ताऱ्यांच्या पाठ केलेल्या तक्त्यातून विद्यार्थ्याला जे मिळते त्याहून हेलियम आणि कोरोनियम शेजारी ठेवून अधिक मिळते. शिवाय पुढच्या साऱ्या भागाला हेच शिक्षण उपयोगी पडते. व्हेस्टो स्लायफरने 1912 मध्ये देवयानी दीर्घिकेच्या रेषा सरकलेल्या पाहून तिचा वेग सेकंदाला सुमारे 300 किलोमीटर काढला, तेव्हा ती आपल्या आकाशगंगेबाहेर आहे हेही ठरलेले नव्हते. ते ठरले हबलने 1923 च्या अखेरीस तिच्यात एक रूपविकारी तारा ओळखला आणि त्यावरून तिचे अंतर काढता आले तेव्हा. नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांनी जे टिपले तेही रेषाच आहे: हायड्रोजनची 21 सेंटिमीटरची रेडिओ रेषा. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात सात हजारांहून अधिक दीर्घिकांचे अतिशय क्षीण संदेश एकत्र करून सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन वायू मोजण्यात आला. एकेकट्या दीर्घिकेची रेषा दिसतच नव्हती. ती कुठे असायला हवी हे माहीत होते म्हणून बेरीज करता आली.

कृष्णद्रव्याला मात्र रेषाच नाही. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी 1970 मध्ये देवयानीच्या बाहेरच्या भागातला वायू अपेक्षेपेक्षा वेगाने फिरतो हे दाखवले, आणि दिसत नसलेल्या वस्तुमानाचा प्रश्न टाळता येईनासा झाला. हेही एक कोरोनियमच नव्हे काय, असे विचारणारे आहेत, आणि गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलून पाहणारे आहेत. प्रश्न न्याय्य आहे. एका रेषेवर उभ्या असलेल्या कोरोनियमहून कृष्णद्रव्याची बाजू बळकट आहे असे मला वाटते, कारण दीर्घिकांचे फिरणे, दीर्घिकासमूहांमुळे मागच्या प्रकाशाचे वाकणे आणि विश्वाच्या आरंभीच्या प्रारणातले चढउतार या तीन वेगवेगळ्या मोजमापांतून येणारे त्याचे प्रमाण एकमेकांशी जुळते. पण त्या द्रव्याचा कण जमिनीखालच्या एकाही प्रयोगशाळेत अजून खात्रीने सापडलेला नाही. रॅमसेचा 1895 चा क्षण इथे आलेला नाही. या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या आठवड्यात विद्यार्थ्यापुढे हे तीन पुरावे ठेवावेत आणि गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलला तर त्यांतला कोणता टिकतो, कोणता पडतो, हे त्याला स्वतः लिहायला सांगावे.