दिवा जळतो आहे, पण माणसाचे काय?



समुद्रकाठच्या माणसाला दीपगृहाचे अप्रूप नसते. दिवा रोज दिसतो, म्हणून आपण त्याचा विचार करीत नाही. आज अशाच एका दिव्याची हकिगत पाहू या. तिच्यात आपणा सर्वांसाठी एक कठीण प्रश्न आहे.

ब्रिटनमधील वेल्सच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवर ‘स्मॉल्स’ नावाचे खडक आहेत. पाण्याबाहेर जेमतेम डोके काढणारे हे खडक जहाजांचा काळ होते. १७७६ साली हेन्री व्हाइटसाइड या वाद्ये बनविणाऱ्या कारागिराने तेथे लाकडी खांबांवर दीपगृह उभे केले. दोन राखणदार तेथे राहत.

१८०१ सालच्या सुमारास थॉमस हॉवेल व थॉमस ग्रिफिथ कामावर होते. दोघांचे पटत नसे, हे लोकांना ठाऊक होते. अशात ग्रिफिथ वारला. प्रेत समुद्रात सोडावे, तर खुनाचा आळ येणार! हॉवेलने फळ्यांची पेटी केली, प्रेत तीत ठेवले आणि ती बाहेर सज्जाला बांधली. वादळामुळे कित्येक दिवस होडी लागेना. त्याने संकटाची खूण लावली होती, असे सांगतात. पण दिवा रोज रात्री पेटत होता. येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना वाटले, सारे ठीक आहे!

हॉवेल थोर खरा. ज्यांची तोंडेही कधी पाहिली नाहीत, अशांसाठी त्याने दिवा विझू दिला नाही. पण जहाजांवरच्या लोकांचे काय? ते दोषी होते का?

नीतिशास्त्र अज्ञानाचे दोन प्रकार मानते: एक अटळ, दुसरे टाळता येण्यासारखे. पहिल्यात दोष नाही, दुसऱ्यात आहे. खलाशांचे अज्ञान पहिल्या प्रकारचे होते. मध्ये खवळलेला समुद्र होता.

आपल्यामध्ये कोणता समुद्र आहे? अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची वर्षानुवर्षे सेवा करणारी माउली रविवारी हसतमुखाने मिस्साला येते. आखातात राबणाऱ्या मुलाचे पैसे दरमहा वेळेवर येतात. दिवा जळतो आहे, म्हणजे सारे ठीक, असे आपण धरून चालतो. आम्ही धर्मगुरूही यात मागे नाही. वेदीवर फुले वेळेवर दिसली, की ती सजविणाऱ्या हातांची विचारपूस राहून जाते. हे अज्ञान अटळ नव्हे. ते सोयीचे आहे.

त्या घटनेनंतर ब्रिटनमध्ये अशा एकाकी दीपगृहांवर दोनऐवजी तीन राखणदार ठेवण्याची प्रथा पडली. उपाय दिवा मोठा करण्याचा नव्हता, सोबतीला आणखी एक माणूस देण्याचा होता.

या आठवड्यात अशा एखाद्या घरी आपण जाऊ या. ‘काम कसे चालले आहे?’ असे न विचारता ‘तुम्ही कशा आहात?’ असे विचारू या. आणि खरे उत्तर येईपर्यंत थोडे बसू या.

आपले धर्मगुरू