बर्फ आणि कोयता

मेथी निवडताना सापडलेला किडा मी अंगणातल्या झाडावर नेऊन सोडते. सासूबाईंची शिकवण. पण 'फर्बिश लाउसवर्ट' या रानफुलाविषयी वाचलं आणि माझी अहिंसा जरा गोंधळली.

अमेरिकेत मेन राज्यात, सेंट जॉन नदीच्या काठी ते उगवतं. केट फर्बिश या चित्रकार बाईंना ते १८८० साली सापडलं. पुढं ते नष्ट झालं असंच धरलं होतं. १९७६ मध्ये धरणासाठी पाहणी चालली असताना पुन्हा दिसलं. पिवळं, साधंच फूल. शेजारच्या झाडांच्या मुळांतून अन्न ओढतं, म्हणजे तेही काही साधू नव्हे!

हिवाळा सरताना नदीवरचा बर्फ फुटतो आणि काठ खरवडून काढतो. त्यात हीही रोपं मरतात. पण बर्फ वर्षानुवर्षं फिरकलाच नाही, तर झुडपं माजतात आणि त्यांच्या सावलीत हे फूल संपतं.

धरण अखेर झालं नाही. बरं झालं. पण उद्या बर्फच पुरेसा आला नाही आणि कुणी कोयता घेऊन ती झुडपं तोडली तर? बर्फाला भाव नसतो, त्याला दोष कसला? कोयता धरणाऱ्याला असतो. फूल एकेंद्रिय, झुडूपही एकेंद्रिय. दुर्मीळ म्हणून एकाचा जीव मोठा कसा? आणि मी हात बांधून बसले, तर ते बसणंही माझंच ना?

सासूबाई असत्या तर विचारलं असतं. त्या बहुधा म्हणाल्या असत्या, आधी मेथी आवर, दिवस मावळतोय.