नावाने हाक मारणारा



आपल्या धर्मग्रामात व्हिसासाठी कोणीच अर्ज केला नाही, असे घर क्वचितच सापडेल. अर्ज गेला की निकाल येईपर्यंत संध्याकाळच्या रोझरीत एक विनंती वाढते. पण तो अर्ज आधी वाचतो कोण?

ब्रिटनच्या गृहखात्यात २०१५ पासून व्हिसाचे अर्ज आधी संगणक चाळत असे आणि त्यांना लाल, पिवळा किंवा हिरवा रंग देत असे. काही देशांचे नागरिक असणे हेच संशयाचे कारण धरले जाई, आणि त्या देशांची यादी गुप्त होती. शेवटची सही माणसाची असली, तरी लाल अर्ज त्याच्यासमोर संशय घेऊनच येई. स्थलांतरितांसाठी झटणाऱ्या संस्थांनी न्यायालयात दाद मागितली. ऑगस्ट २०२० मध्ये, सुनावणीपूर्वीच, सरकारने ती पद्धत मागे घेतली.

संगणक मागच्या नोंदींवरून पुढचे ठरवतो. संत थॉमस अक्वायनस शिकवतात, की कायदा नेहमी घडणाऱ्या गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून केला जातो. एखाद्याची परिस्थिती त्यात बसत नाही, तेव्हा विवेकाची गरज भासते. व्हिसा नाकारला तर प्रवास हुकतो. आश्रय नाकारला तर जीवही जाऊ शकतो. पोप फ्रान्सिस यांनी १ जानेवारी २०२४ च्या जागतिक शांतिदिनाच्या संदेशात याच धोक्याकडे लक्ष वेधले होते: राजकीय आश्रयाचा हक्कही उद्या यंत्र ठरवू लागेल. आपले म्हणणे कोणीतरी ऐकून घ्यावे, नकाराचे कारण सांगावे आणि चूक झाल्यास दाद मागता यावी, हा माणसाचा हक्क आहे. तो उपकार नव्हे.

संत योसेफ आणि मरियामाता बाळ येशूला घेऊन रातोरात मिसर देशाला निघाले. पुरावा म्हणून त्यांच्यापाशी केवळ एक स्वप्न होते. यंत्राने त्यांना कोणता रंग दिला असता?

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो (योहान १०:३). आपण मात्र शेजारी भाड्याने राहायला आलेल्याचे आडनाव आणि बोली ऐकूनच मनात त्याला रंग देऊन मोकळे होतो. या आठवड्यात अशा एका तरी शेजाऱ्याकडे जाऊ या, त्याची कहाणी ऐकू या. आणि परक्या देशाच्या दारात निकालाची वाट पाहणाऱ्यांना आपल्या रोझरीत आठवू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.