पूर्तधर्म आणि महामार्ग

रस्ता बांधणे हे पुण्यकर्म आहे काय? धर्मशास्त्र यज्ञयागाला 'इष्ट' म्हणते आणि विहीर, तलाव, बाग, अन्नदान अशा लोकोपयोगी कामांना 'पूर्त'. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात रस्त्याकडेला माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावल्याचे, विहिरी खोदल्याचे, पाणपोया घातल्याचे नमूद आहे. वाटेच्या आधी तिथे वाटसरूचा विचार दिसतो.

रोमन रस्त्यांची गरज निराळी होती. इ.स.पू. 312 मध्ये अप्पियस क्लॉडियसने रोमहून कापुआकडे मार्ग सुरू केला तो सॅम्नाइट युद्धात फौज लवकर पोचावी म्हणून. खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर घट्ट बसवलेल्या फरश्या, कडेला पाण्याचे चर. त्याचे काही तुकडे आजही चालण्याजोगे आहेत.

जून 2022 मध्ये अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्ग 53 वर, लोणी ते माना दरम्यान, एका मार्गिकेचा सलग 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत पूर्ण झाला आणि गिनीजमध्ये नोंदला गेला. वऱ्हाडची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर रस्ता टिकतो तो भरावाच्या आणि निचऱ्याच्या जोरावर. डांबराचा वरचा थर मात्र काही वर्षांनी पुन्हा घालावाच लागतो. त्यावरून रोमन कारागीर श्रेष्ठ ठरवणे योग्य नाही, कारण त्यांच्या फरश्यांवरून अवजड ट्रकची रांग कधी गेली नाही.

खरा फरक रस्ता कुणाचा, यात आहे. रोमन रस्ता फौजेसाठी झाला, तरी पायी चालणाऱ्यालाही तो खुला होता. अमरावती जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर पादचारी, दुचाकी, बैलगाडी यांना मज्जाव आहे. वेग पाहता तो नियम रास्तच. पण मग पायी माणसाला दुसरी धड वाट देणे हे बांधणाऱ्याचे कर्तव्य ठरते. शेगावची पालखी आजही अकोल्यावरून पायीच पंढरपूरला जाते. पायी माणसाची ही गरज शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी ओळखली होती. त्यांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली आणि पंढरपूर, नाशिक येथे थकल्या यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ, वाटेतच त्यांनी देह ठेवला.

वाटसरूच्या सोयीच्या या कसोटीवर महामार्गाचे पूर्तत्व डांबराच्या लांबीने मोजता येत नाही. सेवारस्ता, गुरांसाठी भुयारी वाट, पाणी आणि सावली यांवरून ते ठरते. भुयारी वाटेत पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचले, की गाडीवान बैल घेऊन थेट भरधाव वाहनांत चढतो. त्या पाण्याचा निचरा करून देणे हेही रस्ताबांधणीचेच काम आहे, आणि चौपदरीकरणात तोडलेल्या कडुनिंबांच्या जागी रोपे लावून ती जगवणे हेही.