आधी विश्वास कोणी ठेवायचा?



आज गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला एकविसावा श्लोक. मोठा माणूस जसा वागतो तसेच बाकीचे वागतात, तो जे प्रमाण मानतो तेच लोक धरून चालतात, असा साधा अर्थ. सगळा भर वागण्यावर आहे बघा. मोठ्या माणसाने भाषण काय करायचं, हे भगवंत सांगत बसत नाहीत.

ऑफिसात "आपण सगळे एक फॅमिली आहोत" हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. ते ऐकून विश्वास किती जणांचा बसला?

आपल्या नागपुरात गांधीसागरजवळ आज एम्प्रेस सिटी मॉल आहे. तिथे पूर्वी एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. सुरुवातीची मोठी डोकेदुखी म्हणजे खाडे. कामगार टिकायचे नाहीत, नियमित यायचे नाहीत. दंड लावणं, पगार कापणं सोपं होतं. जमशेटजींनी बक्षिसं सुरू केली, १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला आणि १८९५ पासून अपघात झाल्यास भरपाई. आपल्या देशात भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये, पीएफचा १९५२ मध्ये! म्हणजे कोणी सांगितलेलं नसताना मालकाने आधी स्वतःला बांधून घेतलं.

गिरणी काही स्वर्ग नव्हती. त्या काळातलं गिरणीकाम म्हणजे लांबलचक पाळ्या, गरम हवा, कापसाची धूळ. पण ज्याच्या हातात जास्त ताकद, त्याने पहिलं पाऊल टाकायचं, ही गोष्ट इथे दिसते. कामगार रोज घाम गाळून आपला विश्वास दाखवतच असतो. मालकाला मात्र तो दाखवायला वेगळं काही करावं लागतं.

कोणी म्हणेल, यात टाटांचाही फायदाच होता ना? माणसं टिकली की सूत चांगलं निघतं. मग हा धर्म की हिशोब? मला वाटतं, फायदा झाला म्हणून चांगुलपणा खोटा ठरत नाही. परीक्षा वेगळीच आहे. पेन्शनचं वचन आज दिलं तरी पाळायची वेळ वीस-तीस वर्षांनी येते. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. त्यांच्यानंतर निवृत्त होणाऱ्या माणसाला त्यांचा प्रेमळ स्वभाव काय कामाचा? त्याला फंडात पैसे हवेत, नियम कागदावर हवा. म्हणून टीम लीडने "मी आहे ना!" म्हणण्यापेक्षा वाढीव पगाराचं पत्र वेळेवर द्यावं. इंटर्नला कबूल केलेलं स्टायपेंड महिनाअखेर मागावं न लागता मिळावं. आणि पैशांची तंगी आली तर पहिली कात्री स्वतःच्या पगाराला लागावी, तीही सगळ्यांना दिसेल अशी.

उद्याच्या बाविसाव्या श्लोकात भगवंत हाच नियम स्वतःला लावतात. तिन्ही लोकांत ज्यांना मिळवायचं काहीच उरलेलं नाही, तेही कामाला उभे राहतात. वाचून या.

राम कृष्ण हरी.