गोफ आणि बक्षीस

शिगमो जवळ आला की हळर्णसारख्या पेडण्यातील गावांत मुलांच्या नृत्यपथकांच्या तालमी रंगतात. मिरवणुकीत बक्षीस हवे, मग ताल चुकणाऱ्या मुलाला वगळावे काय? वरकरणी हा प्रश्न व्यवहाराचा. आम्हांस तो नीतीचा वाटतो.

गोफाचे उदाहरण घ्यावे. काणकोणकडे विशेष रुजलेल्या या नृत्यात मध्यभागी टांगलेल्या रंगीत दोऱ्यांचे एकेक टोक प्रत्येक नर्तकाच्या हाती असते. पदन्यासातून वेणी गुंफली जाते आणि उलट्या फेऱ्यांनी तीच उलगडते. एकाचे पाऊल चुकले तर गुंता सर्वांचा होतो. तो सोडविण्यासाठी सर्वांनाच मागे फिरावे लागते. परीक्षेतील गुण ज्याचे त्याचे असतात; येथे यश एकट्याला मिळूच शकत नाही.

समूहात व्यक्ती हरवते, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु वेणीत प्रत्येक दोऱ्याचा रंग शाबूत असतो.

म्हणून दुबळ्याला वगळून मिळविलेले बक्षीस आम्ही उणेच मानू. सोबत्यासाठी चार पावले मागे फिरलेला विद्यार्थी दुसऱ्याची अडचण ओळखण्यास शिकतो. पुढे कचेरीत, शेतात वा संसारात त्याला तारणारे शिक्षण हेच होय.