स्वमग्न मूल, शैक्षणिक व्हिडिओ आणि विद्यार्थ्याचे संशोधन

स्वमग्नता आणि शैक्षणिक व्हिडिओ या विषयावरचा विद्यार्थी-प्रकल्प बहुधा एका मोठ्या प्रश्नाने सुरू होतो: व्हिडिओमुळे स्वमग्न मुले चांगली शिकतात का? एवढ्या रुंद प्रश्नाला एका शैक्षणिक वर्षात उत्तर मिळत नाही. व्हिडिओ कोणता, मूल कोणते, शिकायचे काय आणि ते शिकले हे ओळखायचे कशावरून, या चार गोष्टी ठरल्या की संशोधनाला आकार येतो. परभणी जिल्ह्यात असा प्रकल्प हाती घेऊ शकणारे विद्यार्थी कमी नाहीत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत हा जिल्हा येतो, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातील सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात मानव विकास हा विषय शिकवला जातो. यांपैकी एखाद्याने सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे क्षेत्र निवडले, तर वरच्या चारही प्रश्नांची उत्तरे पुण्या-मुंबईहून वेगळी येतील. संशोधन तिथे व्हायला हवे ते याच कारणासाठी.

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासातील जन्मजात भिन्नता आहे. संवाद साधणे, इतरांशी सामाजिक देवाणघेवाण करणे, ठरावीक गोष्टींची पुनरावृत्ती, आवाज-स्पर्श-प्रकाश यांची तीव्र किंवा मंद जाणीव अशा अंगांनी ती दिसते, आणि प्रत्येक मुलात तिचे रूप वेगळे असते. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची सविस्तर वर्णने प्रसिद्ध केली, तिथून या विषयाचा आधुनिक अभ्यास रुजला. पुढची वीसेक वर्षे दोष आईबापांच्या, विशेषतः आईच्या, वागण्यावर टाकला गेला. बर्नार्ड रिमलँड यांच्या १९६४ च्या पुस्तकाने त्या समजाला मोठा धक्का दिला. आज तो समज शास्त्रात उरलेला नाही, पण घराघरांत आहे. ‘लहानपणी मोबाइल दिला म्हणून असं झालं’ हे वाक्य त्याचेच नवे रूप. व्हिडिओ घेऊन घरात जाणाऱ्या विद्यार्थ्याला हे वाक्य ऐकावे लागणारच. मोबाइलमुळे स्वमग्नता होत नाही, आणि व्हिडिओने ती बरीही होत नाही, हे दोन्ही त्याला पहिल्याच भेटीत स्पष्टपणे सांगता आले पाहिजे.

निदान करणे हे विद्यार्थ्याचे काम नाही. भारतात त्यासाठी वापरली जाणारी इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम ही श्रेणी ४० मुद्द्यांची आहे. प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण असतात, आणि बेरीज ७० किंवा अधिक आली की स्वमग्नता मानली जाते. ती वापरणारा प्रशिक्षित तज्ज्ञच असावा लागतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इन्क्लेन या संशोधन संस्थेच्या पाहणीत २ ते ९ वर्षांच्या मुलांचा पाच ठिकाणी अभ्यास झाला, त्यांत उत्तर गोवाही होता. त्या पाहणीनुसार शंभर मुलांमागे साधारण एक मूल स्वमग्न असते. म्हणजे कोणत्याही केंद्रशाळेच्या परिसरात अशी काही मुले असणारच, फक्त अनेकांच्या हाती निदानाचा कागद नसेल. प्रकल्पात निदान झालेलीच मुले घ्यावीत. ज्यांच्याविषयी शंका आहे त्यांच्या पालकांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे किंवा जिल्हा रुग्णालयाकडे पाठवावे. गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक या कामातील पहिले सोबती ठरतात.

शैक्षणिक व्हिडिओची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात १९८४ मध्ये सुरू झालेल्या बालचित्रवाणीने दूरदर्शनवरून मराठी मुलांसाठी कार्यक्रम दिले. २०२० मध्ये शाळा बंद असताना ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्री वाहिनीवरून घरोघरी पोहोचली. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड दीक्षा ॲपवरचे धडे उघडतात. हे सारे कार्यक्रम पूर्ण वर्ग डोळ्यांपुढे ठेवून घडवलेले आहेत: निवेदक बोलतो, चित्र बदलते, पाठोपाठ गाणे येते आणि मूल ऐकून समजून घेईल असे गृहीत धरले जाते. ज्या मुलाला बोलणे समजायला वेळ लागतो आणि एकाच वेळी येणारे अनेक आवाज सोसत नाहीत, त्याच्यापुरते हे गृहीतक कोसळते. म्हणून तयार धडा दाखवून ‘मुलाने लक्ष दिले का’ एवढेच मोजणारा प्रकल्प फार काही सांगू शकत नाही. पडद्याकडे टक लावून पाहणे म्हणजे शिकणे नव्हे.

याहून वेगळा मार्ग म्हणजे व्हिडिओतून नमुना दाखवणे. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६० च्या दशकातील प्रयोगांत दाखवले की मुले दुसऱ्याचे वागणे पाहून शिकतात आणि हे पाहणे चित्रपटातूनही चालते. २००० मध्ये मार्जोरी चार्लोप-क्रिस्टी आणि सहकाऱ्यांनी पाच स्वमग्न मुलांबरोबर प्रत्यक्ष नमुना आणि चित्रित नमुना यांची तुलना केली. चित्रित नमुन्यावरून मुले सामान्यतः लवकर शिकली आणि शिकलेले इतर ठिकाणीही वापरू लागली. त्यानंतर असे बरेच अभ्यास झाले आणि ही पद्धत पुराव्याने टिकलेल्या पद्धतींत गणली जाते. तिच्या उपयुक्ततेची कारणे समजण्यासारखी आहेत. व्हिडिओ प्रत्येक वेळी अगदी तसाच दिसतो, चौकटीबाहेरचा गोंधळ कापता येतो, आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहण्याचा ताण नसतो.

मराठी वाचकाला जवळचा असा एक अभ्यास मात्र कॅमेरा उलट्या दिशेने वळवतो. गोव्यातील ‘संगथ’ ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील संशोधक यांनी मिळून केलेला ‘पास’ हा अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त आला. त्यात २ ते ९ वर्षांची ६५ मुले होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालक आणि मूल यांच्या खेळाचे चित्रण केले. मग पालकांसोबत बसून ते पाहिले आणि मुलाच्या एखाद्या खुणेला पालकाने नेमका प्रतिसाद दिला ते क्षण दाखवून दिले. इथे व्हिडिओवरून शिकणारे मूल नव्हते, मोठी माणसे होती. पालकांचा प्रतिसाद मुलाशी अधिक जुळू लागला आणि मुलेही अधिक वेळा आपणहून संवाद सुरू करू लागली. मात्र पालक आणि मूल मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ घटला, आणि संशोधकांनी तेही प्रसिद्ध केले. विद्यार्थ्याने या अभ्यासातून दोन गोष्टी घ्याव्यात. मोठ्या रुग्णालयापासून दूरही असे काम काटेकोरपणे होऊ शकते, आणि मनाविरुद्ध आलेला आकडा हाही निष्कर्षच असतो.

देवगाव फाट्याच्या प्रकल्पासाठी कौशल्य निवडताना पालकांना विचारणे ही पहिली पायरी. फाट्यावर एसटी थांबते, तेव्हा ‘गाडी पूर्ण थांबेपर्यंत मागे उभे राहणे, मग चढणे, वाहकाला गावाचे नाव सांगणे’ हे एक कौशल्य होऊ शकते. हातपंपावर किंवा नळाला हात धुणे, पोषण आहाराच्या रांगेत ताट घेऊन उभे राहणे, दुकानातून एक वस्तू मागणे ही आणखी काही. निवडलेल्या कौशल्याचे लहान टप्पे पाडावेत आणि एका व्हिडिओत एकच कौशल्य घ्यावे. चित्रण एक-दोन मिनिटांचे, त्याच जागी केलेले, मुलाच्या ओळखीच्या, त्याच्याच वयाच्या सोबत्याचे असावे. किंवा कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून फक्त हात आणि समोरची वस्तू दाखवावी. पार्श्वसंगीत नको. बोलणे घरात चालते तसेच असावे: ‘थांब. गाडी थांबली. आता चढ.’ पुस्तकी मराठीतील सूचना मुलाला परकी वाटू शकते. व्हिडिओ मोबाइलमध्ये साठवलेला असावा, म्हणजे नेटवर्क किंवा वीज गेल्याने नोंद अडत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या शिफारशीनुसार २ ते ५ वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एका तासाहून जास्त नसावा; दोन मिनिटांचा व्हिडिओ दोन-तीनदा दाखवला तरी तो या मर्यादेच्या पुष्कळ आत राहतो.

तीन-चार मुलेच मिळाली म्हणून प्रकल्प दुबळा ठरत नाही. अशा कामासाठी एकेका मुलाची त्याच्या स्वतःशीच तुलना करणारी मांडणी उपलब्ध आहे. आधी व्हिडिओ न दाखवता काही दिवस नोंद ठेवायची: ठरवलेल्या टप्प्यांपैकी किती टप्पे मूल मदतीशिवाय करते. ही नोंद स्थिर झाली की पहिल्या मुलाला व्हिडिओ सुरू करायचा, दुसऱ्याची आधीची नोंद चालूच ठेवायची, आणि काही दिवसांनी त्यालाही सुरू करायचा. तिसऱ्याला त्याहून उशिरा. ज्याला ज्या दिवशी व्हिडिओ मिळाला त्याच्यात तेव्हापासूनच बदल दिसला, तर तो शाळेतील इतर कशामुळे झाला ही शंका बरीच कमी होते. काही सत्रांत दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे नोंद करावी आणि ती निदान ८० टक्के जुळावी, असा प्रघात आहे. वेळापत्रक गावाच्या वर्षाशी जुळवावे लागते. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मूल दिवाळीनंतर शाळेत नसेल. तेव्हा आधीची नोंद जुलैत आणि व्हिडिओचे सत्र ऑगस्टमध्ये सुरू झालेले बरे.

सर्वांत जपून मोजायची गोष्ट म्हणजे पडद्याबाहेरचा वापर. अनेक स्वमग्न मुले ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी म्हणतात. व्हिडिओतील ‘सेलूचं एक तिकीट द्या’ हे वाक्य मूल घरी दिवसभर म्हणत असेल, तर ते पाठ झाले आहे. वाहक समोर आल्यावर म्हणाले, तर ते कामी आले आहे. नोंदवहीत या दोहोंचे रकाने वेगळे हवेत. पाठ म्हणणे निरर्थकही समजू नये, कारण कित्येक मुले याच वाटेने स्वतःच्या बोलण्यापर्यंत पोहोचतात. व्हिडिओ बंद केल्यावर काही आठवड्यांनी, वेगळ्या माणसासोबत आणि वेगळ्या जागी तेच कौशल्य पुन्हा तपासावे. ही तपासणी वगळलेला प्रकल्प अर्धाच राहतो.

संमतीची बाजू कायद्याने बांधलेली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये स्वमग्नतेसह २१ दिव्यांगत्वे नोंदलेली आहेत. त्याच्या कलम ६ नुसार दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करण्यासाठी समजेल अशा मार्गाने घेतलेली मोकळी संमती आणि शासनाने नेमलेल्या समितीची पूर्वपरवानगी लागते. त्या समितीत निम्म्याहून कमी नसलेले सदस्य दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे असावेत. ही अट कशी पुरी करायची ते विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडे प्रकल्प आखतानाच विचारावे. परवानगीला वेळ लागला, तर पहिल्या वर्षी केवळ व्हिडिओ तयार करून पालक आणि शिक्षकांकडून त्यांचे परीक्षण घेणारा प्रकल्प करता येतो. तोही खरा प्रकल्प असतो. पालकांच्या सहीइतकीच मुलाची इच्छा महत्त्वाची. मूल मोबाइल ढकलत असेल, कान झाकत असेल, उठून जात असेल, तर त्या दिवशीचे सत्र तिथेच थांबते. मुलाचे चित्रण व्हॉट्सॲपवर फिरणार नाही, कोण किती काळ जपून ठेवणार आणि केव्हा पुसणार, हे संमतीपत्रात साध्या मराठीत लिहिलेले असावे. लहान गावात चेहरा धूसर केला तरी अंगणावरून घर ओळखू येते, म्हणून सादरीकरणात मुलाऐवजी नमुना दाखवणाऱ्या सोबत्याचेच चित्रण वापरावे.

मार्गदर्शकाची जबाबदारी इथे नेहमीपेक्षा मोठी आहे. विद्यार्थ्याला गुण, पदवी किंवा ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेतील स्थान हवे असते. पालकांना मुलासाठी आशा हवी असते. या दोहोंच्या दबावाखाली आकडे सजवण्याचा मोह होतो. मार्गदर्शकाने सुरुवातीलाच सांगावे की बदल दिसला नाही तरी गुण कापले जाणार नाहीत, पण लपवलेली नोंद खपवून घेतली जाणार नाही. एका मुलाला व्हिडिओचा उपयोग झाला आणि दुसऱ्याला झाला नाही, तर दोघांतील फरक शोधणे हेच अहवालातील सर्वांत मोलाचे पान ठरते: अनुकरण आधीपासून येत होते का, पडदा सोसत होता का, कौशल्याची त्याला खरोखर गरज होती का.

प्रकल्प संपल्यावर तीन गोष्टी गावात राहायला हव्यात: पालकांच्या मोबाइलमधले व्हिडिओ, तसे नवे व्हिडिओ स्वतः बनवण्याची रीत शिकलेले शिक्षक आणि पालक, आणि निकाल काय लागला हे सांगणारा एक पानाचा सोपा अहवाल. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात जातो. पण ज्या मुलांनी आपला वेळ दिला, त्यांच्या घरी काहीच परतले नाही, तर ते संशोधन त्यांचे देणेकरीच राहते. कमी मुले, एक कौशल्य, प्रामाणिक नोंद आणि परत दिलेला निकाल एवढ्यावर देवगाव फाट्यावरचा विद्यार्थीही या विषयातील ज्ञानात खरी भर घालू शकतो. मराठी बोलणाऱ्या ग्रामीण स्वमग्न मुलांविषयी अशी नोंद आज फार थोडी असल्याने त्याची गरजही मोठी आहे.